हातांनी दिलेली कबुली

मूल जन्माला आलं की आमच्या घरांत त्याच्या उजव्या कानात अजान सांगतात. माझ्याही कानात कुणा वडीलधाऱ्यानं ती सांगितली असणार. पुढे वसईला एका मित्राच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला गेलो, तेव्हा फादरांनी बाळाच्या कानांना आणि ओठांना बोट लावून ‘एफ्फाथा’ असा एक शब्द उच्चारला. शब्द अरामी, अर्थ ‘मोकळा हो’. येशूनं एका बहिऱ्या माणसाला बरं करताना तो उच्चारला, असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. दोन वेगळे धर्म, पण श्रद्धेनं आत यायचं ते कानाच्या दारानं, यावर दोघांचं एकमत!

मग ज्याचं हे दार कधी उघडलंच नाही, त्यानं काय करायचं? कॅथलिक चर्चला हा प्रश्न शतकानुशतकं छळत आला आहे. श्रद्धा ऐकण्यातून येते, असं संत पौलानं रोमकरांना लिहिलं. त्याच्या आधारानं संत ऑगस्टिननं म्हटलं, की जन्मजात बहिरेपण श्रद्धेच्याच आड येतं. गंमत अशी, की याच ऑगस्टिननं तरुणपणी मिलान शहरात एक देखणा, सभ्य, बहिरा तरुण पाहिला होता. तो हावभावांनीच समजून घेई आणि आपलं म्हणणं सांगे. ऑगस्टिननं ते लिहूनही ठेवलं. पण लोकांनी लक्षात ठेवलं ते पहिलं वाक्य. मिलानमधला तो तरुण विसरला गेला. मिलान हे नाव मात्र तुम्ही ध्यानात असू द्या.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेऑन या बेनेडिक्टिन साधूनं ओन्याच्या मठात सरदार घराण्यांतल्या बहिऱ्या मुलांना लिहायला, बोलायला शिकवलं. मठात मौनाचे नियम असल्यामुळे साधू आपसांत खुणांनी बोलत. तेव्हा बोटांतून अर्थ पोचतो, हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं. पण ही सोय श्रीमंतांच्या मुलांची. गरिबाच्या बहिऱ्या मुलाला कोण विचारतो?

त्याला विचारलं ते पॅरिसच्या एका धर्मगुरूनं. शार्ल-मिशेल द लेपे हे त्याचं नाव. राजाच्या वास्तुविशारदाचा हा मुलगा जान्सेनपंथी विचारांचा होता, म्हणून चर्चमधली त्याची वाट वरिष्ठांनी अडवून धरलेली. 1760 च्या सुमारास एका घरात त्याला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. व्हानें नावाचे एक फादर त्यांना चित्रं दाखवून धर्म शिकवत, ते नुकतेच वारले होते. आता या मुली धर्माचं काहीच न कळता मरणार, या विचारानं लेपे अस्वस्थ झाला. त्याला शिक्षणशास्त्रात क्रांती वगैरे करायची नव्हती. या पोरींना पापनिवेदन करता यावं, प्रसाद घेता यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि त्यासाठी त्यानं एक साधी गोष्ट केली. त्यांना आपली भाषा शिकवण्याआधी तो त्यांची शिकू लागला.

म्युलाँ रस्त्यावरच्या स्वतःच्या घरात, पदरच्या पैशानं, त्यानं शाळा चालवली. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं. 1776 मध्ये आपली पद्धत पुस्तकात मांडली. मुलांच्या खुणांना त्यानं फ्रेंच व्याकरणाची शेपटं जोडली, ती मला अनावश्यक वाटतात. शिक्षकाला व्याकरणाचा मोह सुटत नाही, हेच खरं. पण 1779 मध्ये पिएर देलोज नावाच्या एका बहिऱ्या बुकबाइंडरनं पुस्तक लिहून लेपेची बाजू घेतली आणि बजावलं, की पॅरिसचे बहिरे आपसांत जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतातच. म्हणजे ही भाषा लेपेनं निर्माण केली नव्हती. ती रस्त्यावर होतीच, त्यानं तिच्यासाठी घराचं दार उघडलं. लेपे 1789 च्या डिसेंबरात वारला. दोन वर्षांनी क्रांतिकारकांच्या राष्ट्रीय सभेनं शाळा सरकारी आश्रयाखाली घेतली.

आता पुन्हा मिलान. 1880 च्या सप्टेंबरात तिथे बधिर-शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते जुलिओ तार्रा, तेही कॅथलिक धर्मगुरू, गरीब बहिऱ्या मुलांच्या शाळेचे प्रमुख. बोललेला शब्दच आत्म्याचा, खुणा वासनेला आणि कल्पनेला चेतवतात, असा त्यांचा युक्तिवाद. ठराव झाला: शाळांत बोलणंच शिकवावं. बाजूनं 160 मतं, विरोधात 4. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बहिरे जेमतेम एक-दोन. त्यानंतर युरोपभर बहिरे शिक्षक घरी बसले, मुलांचे हात बाकाखाली गेले. तार्रा दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांचाही जीव मुलांच्या मुक्तीसाठीच तुटत होता. एकाच चर्चमधले, एकाच तळमळीचे दोन धर्मगुरू. एकानं हात मोकळे केले, दुसऱ्यानं बांधले.

या ठरावाचं वारं मुंबईपर्यंत पोचलं. माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं 1880 च्या दशकाच्या मध्यावर जी शाळा निघाली, ती भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मानली जाते. आपल्याकडच्या शाळांनी पुढे दीर्घकाळ भर दिला तो ओठ वाचण्यावर आणि उच्चारांवर.

आमच्या मोहल्ल्यात एक बहिरे शिंपीचाचा होते. नमाजात पुढच्या रांगेकडे बघून ते वाकत, उठत, कधी चुकत नसत. खुतबा सुरू झाला की मात्र जमिनीकडे बघत बसत. त्यांना तो कुणी हातांनी सांगितला नाही, मीही नाही. तेव्हा दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलताना मी जपूनच बोलतो.

चर्चनं पुढे आपली पावलं मागे घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लॅटिनऐवजी लोकभाषांना मिस्सेत जागा दिली, आणि 1965 मध्ये बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेलाही परवानगी मिळाली. 1977 मध्ये अमेरिकेत टॉमस कॉफलिन हे बहिरे गृहस्थ धर्मगुरू झाले. 1983 च्या धर्मसंहितेत एक कलम आहे, की दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला कुणालाही मनाई नाही, आणि त्या दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन आहे. सोय झाली खरी. पण विचार करा, मनातलं सगळ्यात लाजिरवाणं गुपित आधी एका तिसऱ्या माणसाला सांगायचं! 2010 मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या जागतिक परिषदेनं मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. त्याला 130 वर्षं लागली.

2 मे 2024 रोजी केरळात त्रिशूरच्या व्याकुळ मातेच्या बॅसिलिकात जोसेफ तेर्माडम यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. होली क्रॉस संघाचे हे फादर भारतातले पहिले कर्णबधिर धर्मगुरू म्हणून ओळखले जातात. ते मिस्सा हातांनी अर्पण करतात. त्यांच्यापुढे पापनिवेदनाला बसणाऱ्या बहिऱ्या माणसाला आता मध्ये कुणी लागत नाही.