नांदेडला पाच तास: एका थांब्याचा इतिहास

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा. आज आपण नांदेडला उतरतोय, आणि हातात वेळ आहे फक्त पाच तास.

क्रूझ एखाद्या बंदराला लागते, लोक उतरतात, चार-पाच तासांत शहर बघतात आणि भोंगा वाजायच्या आत परत जहाजावर. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. आपलं बंदर म्हणजे रेल्वे स्टेशन. अमृतसरहून दोन हजारांहून जास्त किलोमीटर कापत सचखंड एक्सप्रेस इथे येते. कुणाला पुढे हैदराबादची गाडी असते, कुणाला लातूरची एसटी. मधले पाच तास काय करायचे?

बरेच जण म्हणतील, पाच तासांत शहर कळतं होय? माझं म्हणणं असं, की नांदेडच्या बाबतीत तरी थोडंफार कळतं. कारण या शहराचा सगळ्यात मोठा इतिहास हाच मुळी एका थांब्याचा आहे.

स्टेशनबाहेर आलात की रिक्षावाल्याला थेट गुरुद्वारा सांगू नका. आधी बंदाघाट सांगा. का? तर आधी गोदावरी बघायची. नदी बघितली की बाकीची गोष्ट आपोआप उलगडते. उत्तरेकडून, बुऱ्हाणपूरच्या बाजूने हैदराबादकडे फौज न्यायची तर गोदावरी ओलांडावीच लागते. आणि मोठी फौज नदीपाशी आली की थांबतेच. माणसं, घोडे, हत्ती, तोफा, बाजार, सगळं पलीकडे न्यायचं म्हणजे वेळ लागणारच.

आता साल बघा. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, वारला. लगेच त्याच्या मुलांत गादीसाठी लढाया सुरू झाल्या. थोरला मुलगा जिंकला आणि बहादूरशाह नावाने बादशाह झाला. धाकटा भाऊ कामबख्श हैदराबादेत वेगळी गादी मांडून बसला होता. त्याच्यावर चालून जायला बादशाह दक्षिणेत निघाला. इकडे साताऱ्यात जानेवारी 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. सगळा देश नव्याने मांडला जात होता म्हणा ना.

बादशाहाच्या या फौजेबरोबर शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग, प्रवास करत होते. त्यांची चारही मुलं गेली होती. दोन मोठी चमकौरच्या लढाईत आणि दोन लहानगी सरहिंदला, तिथला सुभेदार वजीरखानाच्या हुकमाने. त्याबद्दल नव्या बादशाहाकडून न्याय मिळेल, ही आशा होती. ती काही पुरी झाली नाही. 1708 मध्ये फौज नांदेडला पोचली, नदी ओलांडून हैदराबादकडे गेली. गुरू मात्र इथेच राहिले.

बंदाघाटावर उभं राहून पुढचं ऐका. याच काठावर माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहायचा. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा. गुरू आणि तो भेटले, आणि तो गुरूंचा बंदा झाला. हाच पुढचा बंदासिंग बहादूर. परंपरा सांगते, की गुरूंनी त्याला बाण आणि हुकूमनामे देऊन पंजाबला पाठवलं. मे 1710 मध्ये चप्परचिडीच्या लढाईत वजीरखान मारला गेला आणि सरहिंद पडलं. बंदासिंगाने गुरूंच्या नावाने नाणी पाडली, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. 1716 मध्ये दिल्लीत त्याला हाल हाल करून मारलं. पंजाबची उलथापालथ करणारा हा माणूस गोदाकाठून निघाला होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे किती ओळींत होतं, जरा आठवून बघा.

आता चला सचखंडला. रिक्षाने थोडकंच अंतर आहे. डोकं झाकायचं, चप्पल बाहेर, हातपाय धुवायचे. नांदेडमध्येच एका पठाणाने गुरूंवर वार केला होता. जखम शिवली, पण ती पुन्हा उघडली आणि 7 ऑक्टोबर 1708 ला गुरू ज्योतीजोत समावले. जाण्याआधी त्यांनी सांगितलं, की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे जगभरातले शीख आज ज्या ग्रंथापुढे माथा टेकतात, त्याला गुरुपद मिळालं ते इथे, आपल्या नांदेडला. 2008 मध्ये याच घटनेची तीनशे वर्षं साजरी झाली. रस्ते रुंद झाले, शहराचं रूप पालटलं. आज जे नांदेड दिसतं, त्यातलं बरंच त्या वेळचं आहे.

समोरची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. लाहोरचा राजा, आणि जमीन निजामाच्या राज्यातली! पंजाबातून माणसं आली, काही इथेच रुजली. त्यांना दखनी शीख म्हणतात. घरात पंजाबी, बाजारात मराठी, आणि हैदराबादी हिंदी तर सगळ्यांचीच. लंगरमध्ये पंगतीत बसा आणि शेजारच्याशी दोन शब्द बोला. पगडीखालून अस्सल नांदेडी मराठी ऐकू आली तर दचकू नका.

ही ये-जा एकतर्फी नव्हती बरं का. नांदेडहून जवळच हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. गुरू इथे येण्याच्या साडेतीनशेहून जास्त वर्षं आधी नामदेव पंजाबात गेले, तिथल्या घुमान गावात राहिले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबमध्ये आहेत. थोडक्यात, ज्या ग्रंथाला नांदेडला गुरुपद मिळालं, त्यात आपल्या नर्सीच्या नामदेवांचे शब्द आधीपासून होते. मला विचाराल तर नांदेडच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

दीड तास उरला असेल तर जुन्या शहरातला नंदगिरी किल्ला करा. तीन बाजूंनी गोदावरी. बुरुजावर उभं राहिलं की ही जागा कुणी सोडणं का शक्य नव्हतं, ते कळतं. कालावधी कमी असेल तर किल्ला सोडा, पण नदी सोडू नका.

आता एक टोचणारी गोष्ट. पंजाबातून आलेली आजी पाच तासांत हे सगळं बघून जाते. आणि आपली मुलं? नीटच्या, जेईईच्या क्लाससाठी लातूरला, नांदेडला दोन-दोन वर्षं राहतात. खोली, क्लास, मेस, परत खोली. नांदेडला राहूनही कित्येकांनी बंदाघाट बघितलेला नसतो. दोष त्यांना देत नाही, अभ्यासाचा ताण मोठा असतो. पण आपण जिथे राहतो ते गाव फक्त रँकसाठीचं वेटिंग रूम झालं, तर नामदेवांचं आणि घुमानचं नातं पुढे सांगणार कोण? पाहुण्यांनीच सांगायचं का?

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी जे नांदेडला शिकतायत, त्यांनी एका रविवारची संध्याकाळ काढा. मोबाईलवर हा भाग लावा आणि बंदाघाटापासून सुरुवात करा. आणि लातूरच्या एसटीने जाणाऱ्यांनो, लोह्याहून आत वळलं की कंधारचा किल्ला आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवून घ्यायचे, आणि लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. पण त्याचं सगळं पुराण पुढच्या भागात.

तोवर राम राम, सत श्री अकाल. भेटू या!