किल्लारीचा भूकंप, माळवदाची घरे आणि मेंदूवरील आघात : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी-सास्तूर परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. शासकीय नोंदीनुसार त्यात ७,९२८ लोक मृत्युमुखी पडले व सुमारे १६,००० जखमी झाले. या घटनेचा अभ्यास प्रामुख्याने भूगर्भशास्त्र व पुनर्वसन या अंगांनी झाला आहे. मानवी शरीरावर, विशेषतः मेंदूवर, होणाऱ्या आघाताच्या अंगाने तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घरबांधणीचे स्वरूप :
मराठवाड्यातील पारंपरिक घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर लाकडी तुळयांच्या आधाराने घातलेले मातीचे जड माळवद. कडक उन्हाळ्यात घर थंड राहावे, भिंत भक्कम दिसावी, हा त्यामागील व्यवहार होता. तथापि भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्क्याबरोबर हे थर विलग होऊन ढासळले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. परिणामी दगड व माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. अनेक जण चिरडून, तर अनेक जण मातीखाली गुदमरून मरण पावले. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा टिकला, तेथे भिंती पडूनही छत तरले, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

आघाताची प्रक्रिया :
आयुर्वेदाने शिर, हृदय व बस्ती ही तीन प्रमुख मर्मे मानली. प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्येही डोक्याच्या जखमांचे सविस्तर वर्णन आढळते. म्हणजेच डोक्यावरील घाव घातक असतो, हे ज्ञान पुरातन आहे. मात्र घाव कवटीवर बसूनही इजा मेंदूला कशी होते, याचा उलगडा बराच उशिरा झाला. मऊ मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. आघाताने डोके एकाएकी हलते वा थांबते, तेव्हा मेंदू कवटीच्या आतील भागावर आदळतो. त्यामुळे घावाच्या जागी, तसेच विरुद्ध बाजूसही इजा संभवते. डोके गरकन फिरल्यास मज्जातंतू ताणले जातात, हे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये मांडले. कवटीखालील रक्तवाहिनी फुटल्यास रक्त साचून मेंदूवर दाब वाढतो. असा रुग्ण प्रारंभी शुद्धीवर असून बोलतही असू शकतो व काही तासांनी बेशुद्ध होऊ शकतो.

उपचारव्यवस्थेचा प्रश्न :
ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढताना मोडलेले हाड व उघडी जखम चटकन दिसते, कवटीच्या आतील रक्तस्राव दिसत नाही. त्यासाठी शुद्धीची पातळी वारंवार तपासावी लागते. ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेली मोजपट्टी याच कामी येते. मराठवाड्यात नांदेड व अंबाजोगाई येथे त्यावेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती. लातूरला मात्र ती सोय भूकंपानंतर झाली. अनेक जखमींना सोलापूरपर्यंत न्यावे लागले. मेंदूच्या इजेत पहिले काही तास निर्णायक असल्याने अंतर हाच उपचारातील मोठा अडथळा ठरतो. शिवाय स्मरणशक्ती मंदावणे, चिडचिड, सततची डोकेदुखी असे परिणाम वर्षानुवर्षे राहू शकतात. वरवर बरा दिसणारा असा माणूस मृत आणि जखमी या दोन रकान्यांत सामावत नाही. त्याचे वागणे केवळ दुःखाचा परिणाम समजले जाण्याचा धोका असतो.

समारोप :
१९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते. तरीही हा प्रदेश तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात त्याचा समावेश तिसऱ्या विभागात झाला. २०२४ मध्ये मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचे भूकंप झाले व त्यांचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. यावरून किल्लारीचा विषय केवळ भूतकाळाचा नाही, हे स्पष्ट होते. भूकंप टाळता येत नाही, परंतु डोक्यावर पडणारे छत हलके करणे, जुन्या भिंती सांधून घेणे आणि ग्रामीण रुग्णालयात मेंदूची इजा वेळीच ओळखणे माणसाच्या हाती आहे. ७,९२८ मृत्यूंचा इतिहास लिहिताना त्यातून वाचलेल्यांच्या न दिसणाऱ्या जखमांचीही नोंद घेणे, हे इतिहासलेखनाचे कर्तव्य होय.