न करमण्याचा इतिहास

दूर गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपण ‘आठवण येते’ म्हणतो. जपानी माणूस अशा वेळी सहसा आठवणीचा शब्द योजत नाही. तो म्हणतो ‘आइताइ’, म्हणजे भेटावेसे वाटते. किंवा ‘साबिशी’, म्हणजे एकटे वाटते. सरलेल्या दिवसांच्या गोड स्मरणाला ‘नात्सुकाशी’ हा निराळा शब्द आहे. लेक सासरी गेली की सौंसर-पांढुर्ण्याकडील आई ‘घरात करमत नाही’ म्हणते. ‘साबिशी’च्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द हाच.

या ओढीची जपानमधील जुनी नोंद ‘मान्योशू’ या आठव्या शतकातील काव्यसंग्रहात सापडते. त्याचे २० खंड असून त्यांत सुमारे ४,५०० कविता आहेत. त्या काळी ‘कोइ’ म्हणजे मुख्यतः जवळ नसलेल्या माणसाची ओढ. या संग्रहात तो शब्द अनेकदा ‘एकाकी’ आणि ‘दुःख’ या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहिला आहे. महाराष्ट्री प्राकृतातील आपल्या गाथासप्तशतीतही प्रवासी पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रिया आहेतच.

इ. स. ७५५ मध्ये पूर्वेकडील प्रांतांतील माणसांना सीमारक्षक म्हणून दूर क्यूशू बेटाकडे धाडण्यात आले. आईबाप, बायकामुले मागे राहिली. या रक्षकांच्या कविता ओतोमो नो याकामोची या कवी-अधिकाऱ्याने मागवल्या. १६६ आल्या, त्यांतील ८४ त्याने ठेवल्या, बाकीच्या सुमार ठरवून वगळल्या. ठेवलेल्या कवितांत त्या लोकांची प्रांतिक बोली जशीच्या तशी राहिली, म्हणून आज ती बोली अभ्यासता येते. वगळलेल्या ८२ कायमच्या गेल्या.

आपल्याकडे माणसे हलली नाहीत, सीमा हलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. तोवर राजधानी असलेले नागपूर परराज्यात गेले, सोयरीक मात्र तिकडची सुटली नाही. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु शाळेत हिंदी शिकलेली नातवंडे आजीपाशीही ‘याद आती है’ म्हणतात. जात्यावर माहेराच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.

त्यांची ओवी सुमार की सरस, हे आपण ठरवू नये. निवड पुढे कोणीही करील. आधी ती त्यांच्याच बोलीत उतरवून घेतली पाहिजे.