ब्रिटपॉप, वृत्तपत्रे आणि राष्ट्रीय अस्मिता

ब्रिटपॉप ही १९९० च्या दशकातील ब्रिटनमधील गिटारप्रधान पॉप संगीताची लाट. तिच्या कलावंतांना राष्ट्रीय अस्मितेची प्रतीके बनवण्यात वृत्तपत्रांचा व संगीत-साप्ताहिकांचा मोठा वाटा होता.

ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील कार्यक्रमात गायक मॉरिसीने युनियन जॅक हा ब्रिटनचा राष्ट्रध्वज मिरवला. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठकथा छापून वंशवादाशी सलगीचा प्रश्न उपस्थित केला. फेब्रुवारी १९९७ मध्ये गायिका जेरी हॅलिवेलने त्याच ध्वजाचा पोशाख ब्रिट पुरस्कार सोहळ्यात घातला, तेव्हा मात्र वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे कौतुकाने छापली.

१४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘ब्लर’ व ‘ओअ‍ॅसिस’ या वाद्यवृंदांची गाणी एकाच दिवशी बाजारात आली. विक्रीच्या या चुरशीला वृत्तपत्रांनी दक्षिणेचा मध्यमवर्ग विरुद्ध उत्तरेचा कामगारवर्ग असे रूप दिले. पहिल्या आठवड्यात ‘ब्लर’च्या सुमारे २,७४,००० आणि ‘ओअ‍ॅसिस’च्या २,१६,००० प्रती खपल्या. जुलै १९९७ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासोबतचे ‘ओअ‍ॅसिस’च्या नोएल गॅलाघरचे छायाचित्र ‘कूल ब्रिटानिया’चे, म्हणजे ब्रिटिश संस्कृतीच्या नव्या आत्मविश्वासाचे, प्रतीक ठरले.

राष्ट्रीय अस्मितेच्या या चित्रात कृष्णवर्णीय व आशियाई वंशाच्या ब्रिटिशांना फारसे स्थान नव्हते, हा त्याचा गंभीर दोष. आशियाई वंशाचे सदस्य असलेल्या ‘कॉर्नरशॉप’ या वाद्यवृंदाने १९९२ मध्येच मॉरिसीचे चित्र जाळून निषेध केला होता. याच वृंदाचे, आशा भोसले यांचा गौरव करणारे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे फेब्रुवारी १९९८ मध्ये रीमिक्स रूपात ब्रिटिश विक्रीयादीत पहिले आले. स्थलांतरितांच्या घरांतले हिंदी चित्रपटसंगीतही ब्रिटिश संस्कृतीचाच भाग आहे, हे त्या यशाने ठळकपणे दाखवून दिले.