अमेरिकेतल्या काकांनी तुमच्या नावावर खरंच काही ठेवलंय का? तिथल्या खेड्यातल्या कोर्टात ते असं शोधतात

ईमेलवर एक पत्र येतं. वर वकिलाचं लेटरहेड, खाली गोल शिक्का. मजकूर असा की, तुमच्या आडनावाची एक व्यक्ती अमेरिकेत टेक्सासमध्ये वारली, मागे कुणी नाही, बँकेत लाखो डॉलर पडून आहेत आणि वारस म्हणून तुमचं नाव लागू शकतं. फक्त आधी प्रोसेसिंग फी भरा.

बहुतेक लोक हसून डिलीट करतात. पण ज्या घरातले काका खरंच चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले, तिकडच्या एखाद्या छोट्या गावात डॉक्टरकी केली आणि हळूहळू संपर्क तुटला, त्या घरात हे पत्र डिलीट करणं सोपं नसतं. आणि उलटंही होऊ शकतं. काका खरंच गेलेले असतात, मृत्युपत्रात पुतण्याचं नाव खरंच असतं आणि इकडे पुतण्या आलेलं पत्र फ्रॉड समजून उत्तरच देत नाही.

दोन्ही वेळा खरं-खोटं एकाच ठिकाणी कळतं. ते म्हणजे काका राहायचे त्या काउंटीच्या कोर्टातली प्रोबेटची फाईल. ही फाईल साधारणपणे सार्वजनिक असते, म्हणजे नातेवाईक नसलेला माणूसही ती मागू शकतो. अडचण एवढीच की ती शोधायची कुठे हे माहीत असावं लागतं.

आधी प्रोबेट म्हणजे काय ते बघू

माणूस गेल्यावर त्याचं मृत्युपत्र खरं आहे का हे कोर्ट तपासतं, देणी फेडायला लावतं आणि उरलेलं कुणाला जाईल यावर देखरेख ठेवते, ही सगळी प्रक्रिया म्हणजे प्रोबेट. मुंबईकरांना हा शब्द नवीन नाही, मुंबई हायकोर्टात प्रोबेटचे अर्ज ब्रिटिश काळापासून होत आलेत. गावाकडे मात्र आपल्याला सवय आहे ती तलाठ्याकडे वारस नोंद करायची, फेरफार निघायची आणि सातबाऱ्यावर नावं चढायची. अमेरिकेत सातबाऱ्यासारखा एकच कागद नाही. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने कोर्टात एक केस उघडते आणि सगळे कागद त्या केसच्या फाईलला लागत जातात.

मृत्युपत्र नसलं तरीही केस उघडते, हे लक्षात ठेवा. अब्राहम लिंकन स्वतः वकील होते, तरी १८६५ मध्ये मृत्युपत्र न करताच गेले. त्यांच्या मालमत्तेचं काम इलिनॉय राज्यातल्या सँगमन काउंटीच्या कोर्टात चाललं.

काउंटी चुकली की सगळं चुकलं

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५८ पासूनच्या प्रोबेटची एकच मध्यवर्ती यादी आहे, नाव टाकलं की शोधता येतं. अमेरिकेत तसं काही नाही. तिथे ३००० हून जास्त काउंट्या आहेत, एकट्या टेक्सासमध्ये २५४. प्रत्येकीचं रेकॉर्ड वेगळं. केंद्र सरकारच्या कोर्टांचं 'पेसर' नावाचं पोर्टल आहे आणि सोशल मीडियावर बरेच जण तेच शोधायला सांगतात. पण प्रोबेट हा राज्यांच्या कोर्टांचा विषय आहे. पेसरवर शोधून काही मिळालं नाही, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही.

नियम असा की, माणूस कायमचा जिथे राहत होता त्या काउंटीत प्रोबेट होतं. मेला कुठे यावर ते ठरत नाही. खेड्यातल्या माणसांच्या बाबतीत ही गल्लत हमखास होते, कारण शेवटचे दिवस बहुधा मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जातात. मृत्यूचा दाखला शहराचा, फाईल मात्र शंभर मैल दूरच्या काउंटीत. दुसऱ्या राज्यात जमीन किंवा घर असेल तर तिथे वेगळी, पूरक केस चालते. म्हणजे एकाच माणसाच्या दोन फाईल्सही असू शकतात.

काउंटी कशी काढायची? सगळ्यात कामाला येतो तो शोकसंदेश. अमेरिकेत अंत्यविधी करणारे फ्युनरल होम आणि गावातलं छोटं वर्तमानपत्र, दोघंही तो ऑनलाइन टाकतात. त्यात गावाचं नाव, मृत्यूची तारीख, मागे कोण कोण आहे, सगळं असतं. गावावरून काउंटी शोधणं मिनिटभराचं काम. (फ्रॉड करणारेही हेच शोकसंदेश वाचतात. त्यामुळे पत्रात काकांचं नाव आणि तारीख बरोबर आहे, एवढ्यावर ते खरं मानू नका.)

नावाने शोधताना आपली मराठी नावं घोळ घालतात. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ते कधी पूर्ण लिहिलेलं, कधी एक अक्षर. आडनावाच्या स्पेलिंगचे तीन प्रकार. आणि तिकडे सगळे ज्या टोपणनावाने हाक मारायचे ते कागदावर 'उर्फ' म्हणून. सगळे प्रकार टाकून बघा.

कोर्टाचं नाव दर राज्यात वेगळं

जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनात सरळ 'प्रोबेट कोर्ट' आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यालाच 'सरोगेट्स कोर्ट' म्हणतात. पेनसिल्व्हेनियात मृत्युपत्रं 'रजिस्टर ऑफ विल्स'कडे असतात आणि वाद झाला की तो 'ऑर्फन्स कोर्टा'त जातो. अनाथांशी त्याचा आज फारसा संबंध नाही, जुनं नाव तसंच राहिलंय. नॉर्थ कॅरोलिनात हे काम सुपीरियर कोर्टाचा क्लर्क बघतो. लुइझियानात तर काउंटीला 'पॅरिश' आणि प्रोबेटला 'सक्सेशन' म्हणतात, तिथे प्रोबेट हा शब्द टाकून शोधत बसलात तर दमाल. टेक्सासमध्ये रेकॉर्ड काउंटी क्लर्ककडे असतं.

काही राज्यांनी सगळ्या काउंट्यांची माहिती एका पोर्टलवर आणलीये. मिसूरीचं 'केसनेट', मिनेसोटाचं 'एमसीआरओ' ही त्यातली चांगली उदाहरणं. पण पोर्टलवर अनेकदा फक्त केस नंबर आणि तारखांची यादी दिसते, मूळ कागद नाही.

ऑनलाइन नाही सापडलं, मग?

टेक्सासच्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६४ होती. चौसष्ट हजार नव्हे, चौसष्ट. ही टोकाची गोष्ट झाली, पण काही हजार वस्तीच्या काउंट्या भरपूर आहेत. तिथल्या ऑफिसात दोन-तीन जण काम करतात, जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने आणि प्रोबेट सगळं त्यांच्याकडेच, आणि जुनी रजिस्टरं स्कॅन करायला वेळ कुणाला.

अशा ठिकाणी फोन सगळ्यात भारी चालतो. टेक्सासमधलं ऑफिस सकाळी ८ ला उघडत असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० वाजलेले असतात. फोनवर तीनच गोष्टी सांगा: पूर्ण नाव, मृत्यूचं अंदाजे वर्ष आणि 'या नावाची इस्टेट केस आहे का' हा प्रश्न. केस असेल तर नंबर लिहून घ्या. मग कॉपीचे दर, पैसे कसे भरायचे आणि ईमेलवर पाठवतात का ते विचारा. काही ऑफिसं अजूनही फक्त चेक किंवा मनीऑर्डर घेतात. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर त्याला कामाला लावा. क्लर्क लोक सहसा मदत करतात, फक्त 'मला किती मिळेल' असं विचारू नका. कायद्याचा सल्ला द्यायला त्यांना मनाई असते.

खूप जुनी केस असेल तर राज्याच्या अभिलेखागारात किंवा 'फॅमिलीसर्च' या मोफत वेबसाइटवर शोधा. आणि काही कागद कुठेच सापडणार नाहीत. यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी आपलं रेकॉर्ड सुरक्षित राहावं म्हणून राजधानी रिचमंडला पाठवलं, आणि १८६५ मध्ये रिचमंडलाच आग लागली.

फाईल वाचायची कशी

केस नंबरपासूनच सुरुवात करू. गायक प्रिन्स २१ एप्रिल २०१६ ला गेला. मृत्युपत्र सापडलं नाही. तो मिनिआपोलिसजवळच्या कार्व्हर काउंटीत राहायचा, म्हणून जगभर गाजलेल्या या स्टारची केस तिथल्या चास्का नावाच्या छोट्या गावातल्या कोर्टात उघडली. केस नंबर १०-पीआर-१६-४६. यातला १० म्हणजे मिनेसोटातल्या काउंट्यांच्या यादीतला कार्व्हरचा क्रमांक, पीआर म्हणजे प्रोबेट, १६ म्हणजे वर्ष आणि ४६ हा अनुक्रमांक. इतर राज्यांची पद्धत वेगळी असते, पण वर्ष आणि केसचा प्रकार बहुधा नंबरातच दडलेला असतो.

या एका फाईलमध्ये प्रोबेटची सगळी गंमत दिसते. वारस म्हणून चाळीसहून जास्त लोक पुढे आले. कोलोरॅडोतल्या तुरुंगातल्या एका कैद्याने तर मी त्याचा मुलगा आहे असा दावा केला, तो डीएनए चाचणीत टिकला नाही. २०१७ मध्ये कोर्टाने सहा भावंडांना वारस ठरवलं. मालमत्तेची किंमत किती यावर कर खात्याशी भांडण चाललं आणि शेवटी आकडा १५ कोटी ६४ लाख डॉलरवर ठरला. वाटप व्हायला २०२२ उजाडलं, तोवर सहापैकी दोन भाऊ वारले होते.

साध्या माणसाची फाईल पाच-पन्नास पानांची असते. पहिला कागद अर्जाचा, म्हणजे पिटिशन. घाई असेल तर हा एकच मागवा. त्यात मृताची माहिती, मृत्युपत्र आहे की नाही आणि सगळ्या ज्ञात वारसांची नावं-पत्ते असतात. तुमचं नाव असायला हवं ते इथे. नाव आहे पण पत्ता जुन्या वाड्याचा आहे, तर नोटीस तुम्हाला का मिळाली नाही तेही कळतं.

त्यानंतर 'लेटर्स' येतात. ही पत्रं नसतात. कोर्टाने अमुक माणसाला मालमत्तेचा कारभार बघायचा अधिकार दिला, याचं ते प्रमाणपत्र. मृत्युपत्रातल्या एक्झिक्युटरला 'लेटर्स टेस्टामेंटरी', मृत्युपत्र नसेल तर नेमलेल्याला 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन'. तुम्हाला पत्र पाठवणारा वकील ज्याच्या वतीने बोलतोय, त्याचं नाव या कागदावर हवं.

पुढे मालमत्तेची यादी, देणेकऱ्यांसाठी स्थानिक पेपरात छापलेली नोटीस, त्यांचे दावे, हिशेब आणि शेवटी वाटपाचा आदेश. देणी आधी फिटतात, वारसांचा नंबर नंतर. मृत्युपत्रात दहा हजार डॉलर लिहिलेत म्हणजे ते मिळतीलच असं नाही, हॉस्पिटलचं बिल सगळं खाऊन टाकू शकतं.

मृत्युपत्राच्या इंग्रजीत दोन शब्द फसवतात. 'इश्यू' म्हणजे वाद नव्हे, संतती. आणि 'पर स्टर्पीज' म्हणजे मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना. तुमचे वडील हयात नसतील, तर तुमचा सगळा हक्क या दोन शब्दांवर उभा असू शकतो.

फाईल रिकामी दिसली तर

मालमत्तेची यादीच नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. टेक्सासमध्ये एक्झिक्युटरला ठरावीक परिस्थितीत यादी वारसांना देऊन कोर्टात फक्त तसं प्रतिज्ञापत्र द्यायची मुभा आहे. तिथे छोट्या मालमत्तेसाठी सोपी पद्धतही आहे: मृत्युपत्र नसेल आणि राहतं घर वगैरे वगळून ७५,००० डॉलरपर्यंतचं असेल तर एका प्रतिज्ञापत्रावर काम होतं.

बऱ्याच गोष्टी तर प्रोबेटमध्ये येतच नाहीत. लाभार्थीचं नाव दिलेला आयुर्विमा, ४०१-के सारखी निवृत्तीची खाती, दुसऱ्याच्या नावाने संयुक्त असलेलं घर, ट्रस्टमध्ये टाकलेली मालमत्ता, हे सगळं कोर्टाबाहेर परस्पर जातं. म्हणून फाईल नसणं म्हणजे पैसे नसणं असं गणित नाही. जमिनीचं काय झालं हे त्याच काउंटीतल्या दस्त नोंदणीत बघा. मृत्युपत्र आहे पण प्रोबेट झालंच नाही, अशीही वेळ येते. इलिनॉयमध्ये मृत्युपत्र ज्याच्याकडे असेल त्याने ते लगेच काउंटीच्या क्लर्ककडे दाखल करायचं असतं, त्यामुळे केस नसली तरी मृत्युपत्र दाखल आहे का, हे वेगळं विचारा. आणि उशीर करू नका. टेक्सासमध्ये मृत्युपत्र प्रोबेटसाठी साधारण ४ वर्षांच्या आत न्यावं लागतं.

आता त्या पत्राचं काय करायचं

पत्र पाठवणाऱ्याकडे काउंटीचं नाव आणि केस नंबर मागा. खरा वकील तो एका ओळीत देतो, कारण ती माहिती गुप्त नसतेच. मग काउंटीच्या अधिकृत वेबसाइटवरून फोन नंबर स्वतः शोधून खात्री करा, पत्रातल्या नंबरवर करू नका. शिक्का आणि सही बनवायला आज पाच मिनिटं लागतात.

खऱ्या केसमध्ये कोर्टाचा आणि कारभाराचा खर्च इस्टेटीतून जातो. वारसाकडे आधी फी मागणं, तीही गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोमध्ये, म्हणजे फ्रॉड. तुमच्या खिशातून जाणारा खर्च वेगळा असतो: ओळखीचे आणि नात्याचे कागद, त्यांचं अपॉस्टिल, कुरिअर, आणि लागलाच तर तुम्ही स्वतः नेमलेला वकील. वारस शोधून टक्केवारी घेणाऱ्या कंपन्या मात्र खऱ्याही असतात. त्यांच्या करारावर सही करण्याआधी वीस-तीस डॉलरच्या कॉपीज मागवून पिटिशन वाचा. तुमचं नाव तिथे आधीच असेल, तर टक्केवारी कशाची द्यायची?