क्रीडामोटारींचे ब्रेक

क्रीडामोटारींचे ब्रेक : हलक्या, वेगवान व बहुधा दोन आसनी मोटारगाडीचा वेग आवरणारी यंत्रणा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत बनलेल्या अशा गाड्या आज अभिजात मानल्या जातात. त्या रस्त्यावर चालवावयाच्या झाल्यास प्रथम विचार करावा लागतो तो त्यांच्या ब्रेकचा.

ब्रेकचे ड्रम व डिस्क हे दोन्ही प्रकार जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक वापरात आणला व त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे एकस्व मिळविले. तथापि पुढील अर्धशतक ड्रमचेच राहिले. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार सी-टाइप गाडीने जिंकली आणि चित्र पालटले. जॅग्वारच्या एक्सके १२० या गाडीस ड्रम होते. १९५७ च्या एक्सके १५० मध्ये चारही चाकांना डिस्क आल्या. एमजीए १६०० या गाडीस १९५९ मध्ये पुढील चाकांना डिस्क मिळाल्या, मागे मात्र ड्रमच राहिले.

या बदलाचे मूळ उष्णतेत आहे. ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो व ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ड्रम तापला की प्रसरण पावून आतील पट्ट्यांपासून दूर सरकतो. पट्ट्यांच्या अस्तराचे घर्षणही घटते. परिणामी पाय दाबूनही गाडी थांबत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर थंड होते.

पुण्याच्या पूर्वेस हा फरक सहज ध्यानात येतो. हडपसर येथे पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात : तुकोबांची पालखी सपाटीने लोणी काळभोरकडे जाते, तर ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवडला. लोणी काळभोरच्या सोलापूर महामार्गावर अवजड वाहनांमुळे एकदाच, पण जोराने थांबावे लागते. घाट उतरताना ब्रेकला विसावा नसतो. १,००० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी ८० किमी. वेगावरून थांबविताना सु. २.५ लाख जूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी ३०० मी. उंचीवरून एकसारख्या वेगाने उतरल्यास सु. २९ लाख जूल, म्हणजे तशा बारा थांबण्यांइतकी. यातील काही भाग एंजिन व हवेचा रोध घेतात. म्हणूनच खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा प्रघात आहे. सपाटीवर उत्तम वाटणारा ब्रेक घाटात दगा देतो, तो यामुळेच.

म्हणून सुधारणेचा आरंभ मोठ्या डिस्कने न करता देखभालीने करणे इष्ट ठरते. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ या प्रतीचा ताजा द्रव किमान २०५° से. पर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४०° से. पर्यंत खाली येऊ शकते. कोकणातील पावसाळ्यानंतर द्रव बदलणे त्यामुळे हिताचे. जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना द्रव पुरविणारे एकच मंडल असते व एक नळी फुटताच सर्व ब्रेक जातात. तेथे दुहेरी मंडलाचा मास्टर सिलिंडर ही सर्वांत मोलाची सुधारणा होय. पुढे डिस्क बसविल्यास अधिक दाब लागतो, त्यासाठी निर्वात साहाय्यक जोडतात. मागील ब्रेक मात्र बेताचेच ठेवावेत. जोराने थांबताना भार पुढे सरकतो व मागील चाके आधी जखडल्यास गाडी गिरकी घेते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असे. त्याची धूळ फुंकून काढू नये.

जुनी गाडी मूळ स्वरूपातच राहावी, असा आग्रह संग्राहक धरतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ गाडीच्या सांगाड्यात, कायेत वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा आणि तिचा नित्य वापर करता येत नाही. तरीही प्रदर्शनास वा फेरीस जाताना ती इतरांच्याच रस्त्यावरून जाते. काढलेले मूळ भाग जपून ठेवल्यास इतिहास पुन्हा जोडता येतो. ब्रेक निकामी झाल्याने गेलेला जीव परत आणता येत नाही.