हॅटशेपसूत
हॅटशेपसूत : (कार. इ. स. पू. सु. १४७९–१४५८). प्राचीन ईजिप्तच्या अठराव्या वंशातील एक कर्तबगार स्त्री-फेअरो. पहिला थटमोझ व राणी आहमोस यांची ती कन्या. राजघराण्यातील रूढीनुसार तिचा विवाह दुसरा थटमोझ या सावत्र भावाशी झाला. त्यांना नेफेरूरे ही मुलगी झाली. दुसरा थटमोझ अल्पकाळ राज्य करून मरण पावला, तेव्हा दुय्यम राणीपासून झालेला त्याचा पुत्र तिसरा थटमोझ हा लहान होता. त्यामुळे हॅटशेपसूत त्याची पालक म्हणून कारभार पाहू लागली आणि सातव्या राज्यवर्षापर्यंत तिने स्वतःच फेअरोची पूर्ण बिरुदे धारण केली. तिसऱ्या थटमोझला मात्र तिने पदच्युत केले नाही. दोघांचे राज्य नावापुरते संयुक्त राहिले.

स्त्रीने राज्य करणे ईजिप्तमध्ये सर्वस्वी नवे नव्हते. बाराव्या वंशाच्या अखेरीस सोबेकनेफेरू हिने राज्य केले होते. तथापि राजपद ही पुरुषदेवतेच्या अवताराची कल्पना असल्याने हॅटशेपसूतने शिल्पांत पुरुषी वेष व कृत्रिम दाढी स्वीकारली. कोरीव लेखांत मात्र तिच्यासाठी अनेकदा स्त्रीलिंगी रूपे योजिली आहेत. आपण आमन देवाची कन्या असल्याची जन्मकथाही तिने मंदिराच्या भिंतींवर कोरविली.

तिच्या कारकीर्दीत काही लष्करी मोहिमा झाल्या. पण तिची ख्याती मुख्यतः बांधकामे व व्यापार यांवर आधारलेली आहे. थीब्झसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर दैर अल्-बाहरी येथे उभ्या कड्याच्या पायथ्याशी तिने तीन सज्जांचे भव्य स्मृतिमंदिर बांधले. त्याच्या उभारणीशी सेनेनमुत या प्रमुख अधिकाऱ्याचे नाव निगडित आहे. नवव्या राज्यवर्षी तांबड्या समुद्रामार्गे पंट देशी पाठविलेल्या सफरीची चित्रमालिका याच मंदिरात आहे. तीत पाच जहाजे, खांबांवर उभारलेल्या झोपड्या, तसेच सोने, हस्तिदंत, आबनूस व मुळांसकट टोपल्यांतून आणलेली धूपाची झाडे दिसतात. कारनॅक येथील तिचा सु. २९·५ मी. उंचीचा अखंड ग्रॅनाइटचा ओबेलिस्क अद्यापि उभा आहे. ओबेलिस्कांची ही जोडी खाणीतून काढण्यास सात महिने लागले, असे तिच्या लेखात नमूद आहे.

बाविसाव्या राज्यवर्षाच्या सुमारास ती मृत्यू पावली. पुढे अनेक ठिकाणी तिची नावे व चित्रे खोडण्यात आली, त्यांजागी पूर्वीच्या थटमोझांची नावे कोरण्यात आली आणि कारनॅकच्या ओबेलिस्कांभोवती भिंती बांधण्यात आल्या. ॲबायडॉस येथील राजावलीतही तिचे नाव नाही. ही तिसऱ्या थटमोझची सूडबुद्धी होय, असे पूर्वी मानले जाई. परंतु हे काम तिच्या मृत्यूनंतर सु. वीस वर्षांनी सुरू झाल्याचे दिसते. संतापी पुरुष इतका काळ थांबेल, हे संभवत नाही. त्यामुळे आपल्या पुत्राचा वारसा निर्वेध व्हावा आणि राजपरंपरा अखंड पुरुषांची दिसावी, हा राजकीय हेतू त्यामागे असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. तिचे काही पुतळे मान, कंबर व गुडघे येथे तोडलेले आढळतात; त्यांतील दैवी सामर्थ्य निष्प्रभ करण्याचा तो विधी असावा, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिपादन केले आहे.

एदुआर नाव्हील याने १८९३ पासून केलेल्या उत्खननाने मंदिर, तर हर्बर्ट विनलॉक याच्या १९२० नंतरच्या संशोधनाने खड्ड्यांत टाकलेले पुतळे उजेडात आले. १९०३ मध्ये राजांच्या दरीतील एका थडग्यात आढळलेली एक ममी २००७ मध्ये तिची म्हणून घोषित करण्यात आली. पण या ओळखीविषयी मतभेद आहेत. पुसून टाकण्यासाठी वापरलेल्या छिन्नीच्या खुणांमधूनच अभ्यासकांना तिचे नाव पुन्हा वाचता आले, ही या कारकीर्दीच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.